जयंतीकाठची अंबाजोगाईची योगेश्वरी

बीड जिल्ह्यात गेलात तर अंबाजोगाईला नक्की थांबा. जयंती नदीकाठी वसलेली योगेश्वरी असंख्य कोकणस्थ कुटुंबांची कुलस्वामिनी! समुद्रकाठची माणसं पिढ्यान्‌पिढ्या घाट ओलांडून मराठवाड्यातल्या या देवीच्या दर्शनाला येत आली आहेत.

आख्यायिका सांगते की परळीच्या वैजनाथाशी देवीचं लग्न ठरलं, पण मुहूर्त टळला. वऱ्हाड दगडाचं झालं आणि देवी कुमारिकाच राहिली.

मंदिर हेमाडपंती वळणाचं आहे. गाभाऱ्यात शेंदूरचर्चित तांदळा (देवीचं शिळारूप), वर मूर्तींनी सजलेलं शिखर आणि आवारात दीपमाळा. शिखर नीट न्याहाळा, नुसतं दर्शन घेऊन परतू नका!

पुढे नदीकाठीच हत्तीखाना लेणी आहेत. अखंड खडकातून कोरलेला नंदीमंडप आणि दगडी हत्ती पाहून थक्क व्हायला होतं. यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याच गावाशी जोडलेला. आद्यकवी मुकुंदराज आणि संतकवी दासोपंत यांच्या समाध्याही इथेच आहेत.

आश्विनातल्या नवरात्राइतकाच मार्गशीर्षातला उत्सवही मोठा असतो. पौर्णिमेला त्याची सांगता होते. जमलं तर तेव्हाच या!

#अंबाजोगाई #योगेश्वरी #बीड