डीटीपीए : माती परीक्षणापासून एमआरआयपर्यंत

माती परीक्षण प्रयोगशाळेत उपलब्ध जस्त, लोह, मंगल व तांबे मोजण्यासाठी डीटीपीएचे द्रावण वापरतात. १० ग्रॅम माती, २० मिलिलिटर द्रावण, सामू ७.३ आणि दोन तास हलविणे ही रीत विस्तार कार्यकर्त्यांना परिचित आहे. हाच डीटीपीए रेणू गॅडोलिनियम या धातूला धरून रुग्णालयातही काम करतो. १९८८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एमआरआयचे पहिले रंगभेदक द्रव्य याच जोडीचे होते.

लखनऊ म्हटले की आपल्याला रहमानखेड्याची उपोष्ण फळबाग संशोधन संस्था किंवा भारतीय ऊस संशोधन संस्था आठवते. त्याच शहरात संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेच्या परिसरात बायोमेडिकल संशोधन केंद्र असून चुंबकीय अनुनाद हे तेथील अभ्यासाचे मुख्य साधन आहे. या तंत्राचा आधार पाणी हाच आहे. पाण्यातील हायड्रोजनची केंद्रके चुंबकीय क्षेत्रात विचलित केली असता ठराविक वेळाने पूर्वस्थितीला येतात. गॅडोलिनियमजवळ आलेले पाणी ही वाट लवकर चालते आणि चित्रात तो भाग उजळ दिसतो.

साधे द्रव्य केवळ स्वतःचे अस्तित्व दाखविते; प्रतिसादी द्रव्य परिस्थितीनुसार आपली चमक बदलते. १९९९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी कॅल्शियमला प्रतिसाद देणारे द्रव्य प्रसिद्ध केले. कॅल्शियम नसताना रेणूच्या भुजा गॅडोलिनियमवर झाकण घालतात. कॅल्शियम आले की त्या भुजा त्याला धरतात आणि पाण्याला वाट मोकळी होते. त्यामुळे शिथिलनक्षमता प्रति मिलिमोलर प्रति सेकंद सुमारे ३.३ वरून ५.८ वर गेली.

हा आकडा काढण्याची रीत सोपी आहे. निरनिराळ्या तीव्रतेची द्रावणे करून प्रत्येकातील पाण्याचा शिथिलनकाल मोजतात, त्याचा व्यस्तांक तीव्रतेसमोर आलेखावर मांडतात. रेषेचा चढ म्हणजे शिथिलनक्षमता. मग कॅल्शियम घालून पुन्हा मोजणी होते. मॅग्नेशियम किंवा जस्त घातल्यावर तोच चढ येत असेल, तर ते द्रव्य कॅल्शियमचे सूचक म्हणून निरुपयोगी होय. शेवटी रक्तद्रवात चाचणी घेतात, कारण तेथील प्रथिने स्वच्छ पाण्यातील निष्कर्ष पार बदलून टाकू शकतात.

खरी अडचण मात्र परीक्षानळीबाहेर आहे. कॅल्शियमसह १ मिलिमोलर द्रावण जेवढा परिणाम दाखविते, तेवढाच परिणाम कॅल्शियमविना सुमारे १.७५ मिलिमोलर द्रावणही दाखविते. नळीतील तीव्रता आपणच ठरविलेली असते. ऊतीत किती द्रव्य पोचले ते ठाऊक नसते. उजळ ठिपका कॅल्शियमचा की द्रव्याच्या साठ्याचा, हे एकट्या चित्रावरून सांगता येत नाही. म्हणून तीव्रता स्वतंत्रपणे मोजण्याची सोय नसलेल्या द्रव्याचे आकडे कितीही आकर्षक असले तरी प्रस्तुत लेखकास ते अपुरेच वाटतात.

दुसरी कसोटी पकडीची. चुनखडीयुक्त जमिनीत ईडीटीए लोहाची पकड सुटते आणि ईडीडीएचए लोह टिकते, हा अनुभव बागायतदारांना आहे. शरीरातही जस्तासारखे धातू गॅडोलिनियमची जागा घेऊ पाहतात, आणि मोकळे गॅडोलिनियम विषारी असते. प्रयोगशाळेत द्रव्याच्या द्रावणात जस्त व फॉस्फेट घालून काही दिवस निरीक्षण करतात. सुटलेले गॅडोलिनियम फॉस्फेटबरोबर अविद्राव्य साका बनते व पाण्यावरील परिणाम घटत जातो. बंद कड्याच्या आकाराचे रेणू यात सरळ साखळीच्या रेणूंपेक्षा सरस ठरतात. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत त्वचा कठीण करणाऱ्या व्याधीशी या द्रव्यांचा संबंध २००६ मध्ये जोडला गेला. २०१७ मध्ये युरोपने शिरेतून द्यावयाच्या काही साखळी-द्रव्यांचा वापर स्थगित केला.

शरीरातून ही द्रव्ये मुख्यतः मूत्रावाटे बाहेर पडतात आणि नेहमीच्या सांडपाणी शुद्धीकरणात फारशी अडत नाहीत. बर्लिन परिसरातील नद्यांत वाढलेले गॅडोलिनियम १९९६ मध्येच नोंदले गेले होते. शहराच्या सांडपाण्यावर भाजीपाला घेतला जातो तेथे पाण्याच्या तपासणीत शिसे व कॅडमियमसोबत या धातूचाही समावेश करणे योग्य होईल.