कॅम्पमध्ये दुपारी सक्तीची विश्रांती का?

स्काउट कॅम्पहून परतलेल्या भाच्याची तक्रार: "मामा, दुपारी हलूसुद्धा देत नाहीत!"

ही प्रथा थेट १९०७ची. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलं जमवली. बड्या शाळांतली आणि साध्या घरांतली, एकत्र! त्या काळी हे धाडसच.

लांडगा, बैल, डोमकावळा, कर्ल्यू (एक पाणपक्षी) अशा चार तुकड्या. सकाळी आफ्रिकी कुडू हरणाचं शिंग फुंकून सगळ्यांना उठवायचे. मग कोको-बिस्किटं, व्यायाम, प्रार्थना. दिवसा गाठी, माग काढणं, चुलीवर स्वयंपाक.

जेवणानंतर सक्तीची विश्रांती. संध्याकाळी पुन्हा खेळ, रात्री शेकोटी, शिवाय एका तुकडीचा पहारा.

मीही कॅम्प घेतो. विश्रांतीचा हा वेळ बुडाला की शेकोटीपाशी पोरं पेंगतात.

पोराला पहिल्यांदाच पाठवताय? बिनधास्त विचारा.