लोड एरर (आरस्पेक)

लोड एरर ही रूबी या प्रोग्रॅमिंग भाषेतील एक त्रुटी आहे. प्रोग्रॅमने मागितलेली संचिका, म्हणजेच फाइल, रूबीला सापडली नाही की ती उद्भवते. आरस्पेक या साधनाने स्वयंचलित चाचण्या लिहू लागलेल्या नवशिक्यांना ही त्रुटी वारंवार आढळते. चाचणी नापास होणे आणि चाचणी सुरूच न होणे या भिन्न गोष्टी आहेत. लोड एरर दुसऱ्या प्रकारात मोडते. अशा वेळी मूळ प्रोग्रॅममध्ये दोष शोधत बसणे व्यर्थ ठरते.

पार्श्वभूमी

युकिहिरो मात्सुमोतो यांनी निर्मिलेली रूबी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. आरस्पेकचा प्रारंभ २००५ मधील आहे. प्रचलित संकेतानुसार मूळ प्रोग्रॅम 'लिब' या फोल्डरमध्ये आणि चाचण्या 'स्पेक' या फोल्डरमध्ये ठेवतात.

कारणे

'रिक्वायर' ही आज्ञा ठरावीक फोल्डरांच्या यादीत संचिका शोधते. या यादीस लोड पाथ म्हणतात. रूबीच्या १.९.२ या आवृत्तीपासून (२०१०) चालू फोल्डर सुरक्षिततेसाठी या यादीतून वगळण्यात आले. त्यामुळे त्यापूर्वीच्या पुस्तकांतील काही उदाहरणे जशीच्या तशी चालत नाहीत.

आरस्पेक 'लिब' आणि 'स्पेक' हे फोल्डर लोड पाथमध्ये आपणहून जोडते. परंतु आज्ञा जेथून दिली, तेथून ते मोजले जातात. 'स्पेक'च्या आत जाऊन आज्ञा दिल्यास 'लिब' सापडत नाही. नावातील अक्षरभेद हेही एक कारण आहे. लिनक्सवर इंग्रजी मोठी व लहान अक्षरे सामान्यतः भिन्न मानली जातात, विंडोजवर मानली जात नाहीत. म्हणून एका संगणकावर चालणारी चाचणी दुसऱ्यावर अडू शकते.

उपाय

* त्रुटीच्या संदेशात न सापडलेल्या संचिकेचे नाव असते. ते प्रत्यक्ष नावाशी अक्षरशः ताडून पाहावे.
* आज्ञा प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमधून द्यावी.
* गरजेनुसार 'रिक्वायर रिलेटिव्ह' वापरावे. ही आज्ञा ज्या संचिकेत लिहिली आहे, तिच्या स्थानापासून मार्ग मोजते; त्यामुळे चालू फोल्डर बदलले तरी फरक पडत नाही.
* न सापडलेले नाव बाहेरील जेमचे असल्यास तो जेम स्थापित आहे का, हे तपासावे.

लोड एररऐवजी 'नेम एरर' आल्यास संचिका मागवायची राहून गेली आहे किंवा क्लासच्या नावात चूक आहे, असे समजावे.

फसवे यश

चाचणीच्या संचिकेचे नाव 'अंडरस्कोर स्पेक डॉट आरबी' असे संपत नसेल, तर आरस्पेक ती संचिका उचलतच नाही. तेव्हा कोणतीही त्रुटी न दाखवता 'शून्य उदाहरणे, शून्य अपयश' असा निकाल येतो. तो यशासारखा भासतो. प्रत्यक्षात काहीच तपासले गेलेले नसते. म्हणून निकालातील अपयशांच्या संख्येआधी उदाहरणांची संख्या पाहणे आवश्यक ठरते.