टाकीचे तोंड कुठे असावे?

उभे राहून चालवायच्या जेट-स्कीला आसन नसते. चालक पाठीमागच्या उघड्या, सपाट भागावर गुडघे टेकून किंवा उभा राहून तोल सांभाळतो आणि हँडल ज्या लांब दांड्यावर बसवलेले असते तो दांडा त्याच्या उंचीप्रमाणे वर-खाली होतो. इंजिन, बॅटरी, विजेची पेटी आणि पेट्रोलची टाकी या सर्वांना पुढच्या भागातील एकाच पोकळीत दाटीवाटीने बसावे लागते व त्या पोकळीवर हूड नावाचे झाकण घट्ट आवळलेले असते. क्लेटन जेकबसन या अमेरिकन संशोधकाच्या कल्पनेवर आधारित असे यंत्र कावासाकी कंपनीने १९७३ मध्ये बाजारात आणले. ‘जेट स्की’ हे मुळात त्याच कंपनीचे व्यापारचिन्ह, जे पुढे लोकांच्या तोंडी सगळ्याच जलदुचाकींसाठी रुळले. यामाहाने १९९० मध्ये आणलेली ‘सुपरजेट’ याच कुळातील असून, तिच्या टू-स्ट्रोक रूपात टाकी १८ लिटरची होती. गोवा, मालवण किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांना भाड्याने मिळणारी यंत्रे बहुतेक बसून चालवायची असतात, त्यामुळे उभ्या जातीचे यंत्र भारतात विरळा, आणि ते बाळगणाऱ्याला दुरुस्तीपासून फेरबदलापर्यंत पुष्कळशी कामे स्वतःच्या देखरेखीखाली करून घ्यावी लागतात. अशा फेरबदलांपैकी एक वरवर किरकोळ दिसतो, पण पेट्रोलशी थेट संबंध असल्यामुळे तो सर्वांत जपून करावा लागतो: टाकीचे तोंड, म्हणजे जेथून पेट्रोल भरायचे ती जागा, हलवणे.

सुपरजेटसारख्या यंत्रात हे तोंड मूळ रचनेप्रमाणे हुडाच्या बाहेर, डेकवर, म्हणजे सांगाड्याच्या वरच्या पृष्ठभागावर असते. डेकला भोक पाडून त्यात गळा बसवलेला असतो, त्याच्याभोवती रबरी गॅस्केट असते, वर आट्यांचे झाकण असते, आणि गळ्यापासून टाकीपर्यंत एक जाड रबरी नळी दोन्ही टोकांना क्लिपांनी आवळलेली असते. पाण्यात उलटसुलट कसरती करणारे किंवा समुद्राच्या फुटत्या लाटांवर उड्या घेणारे चालक यंत्र वारंवार पूर्ण बुडवतात. तेव्हा गॅस्केट जुने झाले असेल किंवा झाकणाच्या आट्या झिजल्या असतील, तर गळ्याच्या कडेने पाणी पोकळीत आणि झाकणातून थेट टाकीत शिरते. त्यावर उपाय म्हणून असे चालक बाहेरचा गळा काढून टाकतात, डेकवरचे भोक फायबर ग्लासने बुजवतात आणि टाकीच्या स्वतःच्या गळ्यावरच झाकण बसवतात, त्यामुळे पेट्रोल हूड उघडून भरावे लागते. केवळ कसरतींसाठी घडवलेल्या अनेक आधुनिक सांगाड्यांमध्ये तर हे तोंड पहिल्यापासूनच हुडाखाली असते.

पाणी बाहेर ठेवण्याच्या दृष्टीने ही युक्ती बिनतोड आहे. तथापि तिच्यामुळे पेट्रोल भरण्याची क्रिया इंजिनाच्या पोकळीत येते आणि नौकाबांधणीतील एका जुन्या, अनुभवातून घडलेल्या दंडकाला छेद जातो. भरताना सांडलेले पेट्रोल नौकेच्या बाहेर जावे, आत नव्हे, असा तो दंडक आहे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे नियम तर आतबसव्या पेट्रोल इंजिनाच्या बोटींबाबत तो मोजमापासह सांगतात: मिनिटाला ५ गॅलन या वेगाने किमान ५ सेकंद पेट्रोल ओसंडले, म्हणजे साधारण दीड लिटरहून अधिक सांडले, तरी त्यातले काहीही बोटीत येता कामा नये, अशा जागी भरण्याचे तोंड असावे.

या कठोरपणामागचे कारण पेट्रोलच्या वाफेत आहे. पेट्रोल शून्याखाली सुमारे ४० अंशांपर्यंतच्या थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ सोडते; ती वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्यामुळे वर उडून न जाता तळाशी साचते, आणि हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड टक्का झाले की एक ठिणगी पुरते. हिशेब करून पाहिला तर दोन लहान चमचे, म्हणजे सुमारे १० मिलिलिटर पेट्रोल पूर्ण उडाले की साधारण २ लिटर वाफ होते आणि तेवढी वाफ १०० लिटरांहून अधिक हवा पेटण्याजोगी करू शकते. उभ्या जेट-स्कीची पोकळी लहान असते आणि स्टार्टर, बॅटरी व तिच्या तारा तेथेच असतात. नळीच्या टोकाशी लोंबणारे थेंब नेहमीच्या बोलण्यात क्षुल्लक मानले जातात. या पोकळीत ते क्षुल्लक नसतात.

आता हा प्रश्न एखाद्या ठरावीक ठिकाणच्या, उदाहरणार्थ हैदराबादच्या परिस्थितीत ठेवून पाहणे आवश्यक आहे, कारण फेरबदलाची गरज यंत्रापेक्षा पाण्यावर आणि हवेवर अधिक ठरते. कुतुबशाही काळात, १५६३ च्या सुमारास बांधलेला हुसेनसागर हा तेथील जलक्रीडेचा मुख्य जलाशय. शिडाच्या नौकांच्या राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धा तेथे होतात. खासगी यंत्र त्यात किंवा अन्य कोणत्याही तलावात उतरवण्यासाठी संबंधित यंत्रणेची परवानगी लागते, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. परंतु अशा तलावात समुद्रासारख्या फुटत्या लाटा नसतात. यंत्र पूर्ण बुडण्याचे प्रसंग कसरती न करणाऱ्या चालकावर क्वचितच येतात. ज्या त्रासासाठी बाहेरचे तोंड बंद करायचे, तो त्रासच येथे सौम्य आहे. उलट, ज्या धोक्यामुळे ते बाहेर ठेवायचे, तो धोका दख्खनच्या उन्हात वाढतो. मे महिन्यात हैदराबादचा पारा चाळिशीपार जातो. पेट्रोल तापमानाच्या दर अंशाला साधारण हजारात एक भाग फुगते, त्यामुळे पहाटेच्या गारव्यात काठोकाठ भरलेली १८ लिटरची टाकी दुपारपर्यंत १५ अंशांनी तापली, तर सुमारे पाव लिटर पेट्रोलला जागाच उरत नाही. त्यातच अशा टाकीच्या हवानळीवर बहुधा एकतर्फी झडप असते, जी हवा आत येऊ देते पण यंत्र उलटले तरी पेट्रोल बाहेर पडू देत नाही. परिणामी उन्हात उभ्या असलेल्या यंत्राच्या टाकीत दाब साठतो आणि झाकण एकदम फिरवले की फुस्स आवाजासह पेट्रोलचे तुषार उडतात. तोंड डेकवर असेल तर ते तुषार उघड्या हवेत विरतात. हुडाखाली असेल तर बॅटरीच्या शेजारी पडतात. म्हणून झाकण नेहमी पाव-पाव फेऱ्याने सैल करून दाब आधी सोडावा आणि टाकीचा दहावा भाग रिकामा ठेवावा, हा नियम दोन्ही रचनांना लागू आहे.

पेट्रोल आणायचे कसे, हाही तोंडाच्या जागेशी जोडलेला प्रश्न आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याशिवाय जवळ ठेवता येते, परंतु भांडे घट्ट बुचाचे आणि काचेचे, चिनी मातीचे किंवा धातूचे असावे लागते. काच वा चिनी मातीचे भांडे १ लिटरपेक्षा आणि धातूचे २५ लिटरपेक्षा मोठे चालत नाही. या यादीत प्लास्टिकचे नाव नाही, ही बाब पाण्याच्या बाटलीत पेट्रोल नेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. डब्याची यातायात टाळण्यासाठी ट्रेलरवरचे यंत्र थेट पंपावर नेणे सोयीचे. तेथे मात्र नोझलच्या टोकाशी असलेले बारीक छिद्र पेट्रोलने झाकले गेले की पुरवठा आपोआप तुटतो, ही व्यवस्था नीट चालण्यासाठी गळा पुरेसा रुंद, सरळ आणि लांब असावा लागतो. हुडाखालच्या आखूड गळ्यात फेस चटकन वर येतो, पुरवठा कधी अकाली तुटतो तर कधी उशिरा, आणि उशिरा तुटला की सांडलवंड पोकळीत होते.

तरीही बाहेरच्या तोंडातून गळणारे पाणी दुर्लक्षिण्यासारखे नाही, आणि याचे कारण आजच्या पेट्रोलमध्ये आहे. देशभर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले, ई-२० या नावाने ओळखले जाणारे पेट्रोल मिळते, तर जुन्या टू-स्ट्रोक जलयंत्रांच्या पुस्तिका बहुधा १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलला मान्यता देतात. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी बसतात. टू-स्ट्रोक इंजिनाचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असेल, तर ते वरच्या थरात राहते. तळाशी टेकलेली शोषनळी मात्र वंगण नसलेला खालचा थर ओढते, आणि पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. झाकणाखालच्या झिजलेल्या वॉशरची किंमत अशा वेळी कळते.

यावरचा पहिला उपाय डेक कापण्याचा नसून आहे ती रचना निकोप करण्याचा आहे. झाकणाचा वॉशर आणि गळ्याचे गॅस्केट दोन्ही नवी बसवावीत, गळ्यात केसासारखी चीर गेली आहे का ते उजेडात धरून पाहावे, आणि जोडनळी बदलावी. येथे एक चूक सर्रास होते. सिकंदराबादच्या राणीगंज बाजारात पंप, पाइप आणि यंत्रसामग्रीची दुकाने भरपूर असून नेमक्या व्यासाची रेडिएटरची नळी तेथे सहज मिळते. ती घट्टही बसते. पण रेडिएटरच्या नळ्या बहुधा गरम पाण्याला टिकणाऱ्या ईपीडीएम रबराच्या असतात आणि ते रबर पेट्रोलमध्ये फुगून मऊ पडते. सिलिकॉनची चकचकीत रंगीत नळीही पेट्रोलसाठी नाही. जलयानांच्या पेट्रोलसाठी बनवलेली, आयएसओ ७८४० सारख्या मानकाची छाप असलेली आणि इथेनॉलला टिकणारी नळीच घ्यावी, मग ती मागवायला आठवडे लागले तरी चालेल. क्लिपा स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात.

समुद्रातील कसरतींसाठीच यंत्र वापरायचे आहे आणि तोंड आत घ्यायचेच आहे, असे ठरले तर कामाचे दोन भाग पडतात. डेकचे भोक बुजवताना कडा सर्व बाजूंनी तासून जाडीच्या सुमारे बारा पट रुंदीचा उतार करावा, म्हणजे नव्या थरांना पकड मिळते. सुपरजेटसारखे कारखान्यात साच्यात दाबून घडवलेले सांगाडे साध्या पॉलिस्टर रेझिनला नीट धरत नाहीत, त्यासाठी इपॉक्सी वापरावे. टाकीच्या बाजूला मात्र हात आखडता घ्यावा. टाकी पॉलिएथिलीनची असते, तिला कोणताही गोंद टिकाऊ चिकटत नाही, आणि पेट्रोल राहिलेल्या टाकीला उष्णता देऊन जोड करणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण आहे. म्हणून टाकीचा गळा कापू नये. त्याच्या मूळ मापाला बसणारा झाकणाचा जोडतुकडा बनवून घ्यावा. असा ॲल्युमिनियमचा तुकडा लेथवर कातून देणारी कुशल माणसे हैदराबादेत दुर्मीळ नाहीत. बाळानगरमध्ये १९६८ पासून केंद्र सरकारची साधनरचना-प्रशिक्षण संस्था आहे आणि सभोवती कारखान्यांची वस्ती आहे. हवानळी व तिची झडप पूर्वीइतकीच उंच आणि मोकळी राहिली पाहिजे. असे यंत्र भरताना ते जमिनीवर, सावलीत आणि बॅटरीची तार सोडवून ठेवावे. भरून झाल्यावर तळ फडक्याने कोरडा करावा, हूड काही वेळ उघडे ठेवावे, आणि वास पूर्ण गेल्याखेरीज स्टार्टरच्या बटणाला हात लावू नये.

हैदराबादच्या तलावात फिरण्यापुरते यंत्र वापरणाऱ्याने डेकला करवत लावू नये. दर हंगामाच्या सुरुवातीला झाकणाचा वॉशर, गळ्याचे गॅस्केट आणि क्लिपा तपासाव्यात, आणि नळीत शंका आली तर ती लगेच बदलावी.