अध्यापनोपयोगी कर्नलचे स्थलांतर : 'एक्सव्ही-६'च्या निमित्ताने

सारांश

ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकविताना तत्त्व कोणते आणि विशिष्ट प्रोसेसरच्या रचनेतून आलेली सोय कोणती, यांची गल्लत वारंवार होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे २००६ मध्ये तयार झालेला 'एक्सव्ही-६' हा छोटा अध्यापनोपयोगी कर्नल २०१९ मध्ये एक्स-८६ प्रोसेसरवरून रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर नेण्यात आला. या स्थलांतरात काय टिकले, काय नव्याने लिहावे लागले आणि त्यातून अध्यापकाने काय घ्यावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : कर्नल, स्थलांतर, एक्सव्ही-६, रिस्क-फाइव्ह, ट्रॅप, पेज टेबल.

१. प्रस्तावना

मोडी लिपीतील जुना कागद बाळबोध लिपीत उतरवून घेणाऱ्या अभ्यासकाला केवळ अक्षरओळख पुरत नाही. मोडीत शब्द सुटे केलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद काटेकोर नसतो. मूळ लेखकाने जे वाचकाच्या समजुतीवर सोडले होते, ते बाळबोधीत उतरविताना स्पष्ट करावे लागते. त्यामुळे कागदाचा अर्थ खरोखर कळला आहे की नाही, याची परीक्षा लिप्यंतराच्या वेळीच होते.

संगणकशास्त्रात याच जातीचे एक काम आहे. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, एका प्रोसेसरसाठी लिहिलेला असतो. तो वेगळ्या घडणीच्या प्रोसेसरवर चालता करणे म्हणजे त्याचे स्थलांतर होय. मूळ कर्नल लिहिणाऱ्याने जुन्या प्रोसेसरविषयी जी गृहीतके न सांगता धरलेली असतात, ती सर्व या वेळी उघडी पडतात.

हा विषय वरवर तांत्रिक वाटला, तरी त्याचा संबंध आपल्या वर्गाशी आहे. 'सिस्टिम कॉल म्हणजे काय?' या प्रश्नाच्या उत्तरात विद्यार्थी अनेकदा एकाच प्रोसेसरची हकीकत लिहितात आणि आपण तिला पूर्ण गुण देतो. प्रस्तुत लेखकही अनेक वर्षे 'ट्रॅप आला की हार्डवेअर जुनी स्थिती कर्नलच्या स्टॅकवर ठेवते' हे वाक्य व्याख्या म्हणून फळ्यावर लिहीत आला. ते प्रत्येक प्रोसेसरला लागू होत नाही, हे पुढे वर्णन केलेल्या प्रयोगात ध्यानात आले.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

युनिक्सचा कर्नल १९७३ मध्ये सी भाषेत पुन्हा लिहिला गेला. त्यापूर्वी तो पीडीपी-११ या यंत्राच्या असेम्ब्ली भाषेत होता. सी भाषेमुळे स्थलांतर शक्यतेच्या कक्षेत आले. युनिक्सची सहावी आवृत्ती १९७५ ची. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी १९७६ मध्ये दहा हजारांहून कमी ओळींच्या या कर्नलवर विद्यार्थ्यांसाठी भाष्य लिहिले. संपूर्ण कर्नल ओळीओळीने वाचून शिकण्याची परंपरा या भाष्याने रूढ केली.

त्याच देशातील वोलोंगाँग विद्यापीठात १९७७ मध्ये रिचर्ड मिलर यांनी युनिक्स इंटरडाटा ७/३२ या यंत्रावर नेले, आणि त्याच सुमारास बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन व डेनिस रिची यांनी ते इंटरडाटा ८/३२ वर नेले. पीडीपी-११ हे १६ बिटांचे यंत्र, तर इंटरडाटाची ही यंत्रे ३२ बिटांची. पूर्णांक आणि पत्ता यांची रुंदी सारखीच असते, यांसारखी अनेक सोयीस्कर गृहीतके अशा कामात तपासून पाहावी लागली.

पुढे अँड्र्यू टॅननबॉम यांनी १९८७ मध्ये मिनिक्स ही अध्यापनोपयोगी प्रणाली प्रसिद्ध केली. आयबीएम पीसीसाठी लिहिलेली ही प्रणाली नंतर मोटोरोला ६८००० वर चालणाऱ्या संगणकांवरही गेली. एक्सव्ही-६ हा सहाव्या आवृत्तीच्याच वळणाचा, आधुनिक सी भाषेत नव्याने लिहिलेला कर्नल आहे. सुमारे सहा हजार ओळी आणि २१ सिस्टिम कॉल एवढाच त्याचा पसारा असल्याने एका सत्रात तो संपूर्ण वाचता येतो.

३. जे जसेच्या तसे आले

स्थलांतरित कर्नल मूळ कर्नलशेजारी ठेवून वाचल्यास प्रथम जाणवते ते साम्य. फाइल सिस्टिमचे थर, म्हणजे बफर, लॉग, आयनोड, डिरेक्टरी आणि पाथ, फारसे बदललेले नाहीत. पाइप, शेल आणि प्रक्रियांची पाळी ठरविणारा शेड्युलर यांचा तर्कही तोच आहे. प्रक्रिया, फाइल, परस्परवर्जन आणि पाळी या संकल्पना प्रोसेसरवर अवलंबून नाहीत, याचा हा पुरावा होय.

परंतु येथे सावध राहणे आवश्यक आहे. डिस्कवरील आकड्यांतील बाइट कोणत्या क्रमाने मांडायचे, याचा विचार कर्नलच्या फाइल सिस्टिममध्ये केलेलाच नाही. एक्स-८६ आणि रिस्क-फाइव्ह हे दोन्ही प्रोसेसर कनिष्ठ बाइट आधी ठेवतात, म्हणून अडचण आली नाही. आयआयटी मुंबईने विकसित केलेला 'अजित' हा प्रोसेसर स्पार्क-व्ही८ या रचनेवर आधारित आहे आणि त्या रचनेत वरिष्ठ बाइट आधी येतो. तेथे हाच कर्नल नेल्यास, आज अस्पर्शित वाटणारी फाइल सिस्टिम डिस्कवरील पहिलाच आकडा चुकीचा वाचेल. 'जसेच्या तसे आले' या विधानातील काही भाग तत्त्वामुळे खरा असतो आणि काही भाग केवळ योगायोगाने.

४. जे नव्याने लिहावे लागले

४.१ आरंभ : एक्स-८६ संगणक सुरू होताना १६ बिटांच्या जुन्या अवस्थेत असतो. त्यामुळे ५१२ बाइटांच्या बूट सेक्टरमधून ए-२० ही पत्तारेषा खुली करणे, सेगमेंटचे कोष्टक भरणे, संरक्षित अवस्थेत जाणे आणि मग कर्नल वाचून घेणे, असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. रिस्क-फाइव्हवर, निदान क्यूईएमयू या अनुकारकात, कर्नल आधीच स्मृतीत ठेवलेला असतो. प्रोसेसर सर्वाधिकारी अशा मशीन अवस्थेत सुरू होतो, मोजकी मांडणी करून सुपरवायझर अवस्थेत उतरतो आणि मुख्य फंक्शन सुरू होते. सेगमेंटेशनचे प्रकरण येथे नाहीसे होते.

४.२ स्मृती : ३२ बिटांच्या एक्स-८६ वर पत्त्याचे १०, १० आणि १२ बिट असे भाग पडतात आणि पेज टेबल दोन पातळ्यांचे असते. रिस्क-फाइव्हच्या एसव्ही-३९ या पद्धतीत ९, ९, ९ आणि १२ असे भाग असून टेबल तीन पातळ्यांचे आहे. हा बदल यांत्रिक आहे. मूलगामी बदल वेगळाच आहे. जुन्या एक्सव्ही-६ मध्ये प्रत्येक प्रक्रियेच्या पेज टेबलात २ जीबीच्या वरच्या भागात कर्नलही बसविलेला असे. प्रक्रियेने दिलेला पत्ता तपासून झाला की कर्नल तो थेट वाचू शके. नव्या आवृत्तीत कर्नलचे पेज टेबल स्वतंत्र आहे. प्रक्रियेने दिलेला पत्ता कर्नलच्या दृष्टीने निरर्थक असतो. म्हणून प्रत्येक वेळी त्या प्रक्रियेचे टेबल सॉफ्टवेअरने चाळून मजकूर आत-बाहेर नकलून घ्यावा लागतो.

रुंदीचा सापळाही येथे आहे. क्यूईएमयूच्या नेहमीच्या रिस्क-फाइव्ह यंत्रात स्मृती बरोबर २ जीबीच्या पत्त्यापासून सुरू होते. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात हा पत्ता ठेवला तर त्याचा सर्वोच्च बिट चिन्हाचा ठरतो, आणि ६४ बिटांत रुंदावताना पत्ता ऋण होऊन बसतो.

४.३ ट्रॅप : स्थलांतराचा सर्वांत बोधप्रद भाग हाच आहे. एक्स-८६ वर प्रोग्रामने सिस्टिम कॉल केला की हार्डवेअर बरेच काम स्वतः करते. ते कर्नलचा स्टॅक शोधते आणि प्रोग्रामचा स्टॅकदर्शक, ध्वजस्थिती व परतीचा पत्ता त्यावर ठेवते. रिस्क-फाइव्हचे हार्डवेअर याबाबतीत मितव्ययी आहे. ते सध्याच्या सूचनेचा पत्ता एका नियंत्रण-रजिस्टरमध्ये आणि ट्रॅपचे कारण दुसऱ्यात नोंदविते, पूर्वीची अवस्था लक्षात ठेवते, इंटरप्ट बंद करते आणि ठरलेल्या पत्त्यावर उडी घेते. स्टॅक बदलला जात नाही. पेज टेबलही बदलले जात नाही.

यातून पेच उभा राहतो. उडी घेतल्यानंतर चालणारी पहिली सूचना अद्याप प्रक्रियेच्याच पेज टेबलातून वाचली जाते. तीच सूचनामालिका पुढे कर्नलचे टेबल लावते. टेबल बदलले त्या क्षणी पुढची सूचना त्याच पत्त्यावर सापडली नाही, तर प्रोसेसर पायाखालची फळी काढून घेतल्यासारखा कोसळेल. यावर उपाय असा, की 'ट्रॅम्पोलिन' नावाचे एक पान प्रत्येक प्रक्रियेच्या आणि कर्नलच्या अशा सर्व टेबलांत एकाच आभासी पत्त्यावर ठेवायचे. त्या पानावरील सूचना ३१ रजिस्टर वाचवितात (शून्यक्रमांकाचे रजिस्टर सदैव शून्यच असते), टेबल बदलतात आणि कर्नलमध्ये प्रवेश करतात.

४.४ प्रक्रियांची अदलाबदल व कुलुपे : एका प्रक्रियेवरून दुसरीवर जाताना एक्स-८६ वर परतीच्या पत्त्याखेरीज चार रजिस्टर जपली जात. रिस्क-फाइव्हवर एकूण १४ जपावी लागतात. तत्त्व मात्र एकच : बोलाविलेल्या फंक्शनने जी जपायची असा करार असतो, तेवढीच रजिस्टर जपली तरी पुरते. कुलुपांच्या बाबतीत एक्स-८६ स्मृतीतील लेखनांचा क्रम बराचसा पाळतो, त्यामुळे क्रमाचा अडथळा घालायचे राहून गेले तरी दोष अनेकदा झाकला जातो. रिस्क-फाइव्हची हमी याहून सैल आहे. तेथे तो अडथळा स्पष्टपणे लिहिलाच पाहिजे.

४.५ उपकरणे : एक्स-८६ वर डिस्क व सिरियल पोर्टशी बोलण्यासाठी खास इन-आउट सूचना होत्या. रिस्क-फाइव्हवर तशा सूचनाच नाहीत. उपकरणे स्मृतीतील पत्त्यांवर दिसतात. त्यामुळे आयडीई डिस्कच्या जागी व्हर्टआयओ डिस्कचा नवा ड्रायव्हर आला.

५. प्रयोगशाळेतील एक अनुभव

तयार आवृत्ती न पाहता ट्रॅपचा भाग स्वतः स्थलांतरित करावा, असे काम प्रस्तुत लेखकाने पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थ्यांना दिले. साधने नेहमीचीच होती : जुने संगणक आणि क्यूईएमयू. काही आठवड्यांनी कर्नल सुरू झाला, परंतु शेलची खूण उमटेना. चूक झाल्याचा संदेशही येईना.

शेवटी प्रत्येक सिस्टिम कॉलचा क्रमांक छापून पाहिला. प्रथम एकदा ७ आला, त्यानंतर १५, १५, १५ असा अखंड प्रवाह सुरू झाला. ७ म्हणजे नवा प्रोग्राम चढविणारा 'एक्झेक' आणि १५ म्हणजे फाइल उघडणारा 'ओपन'. ओपन संपतच नव्हता.

कारण एका वाक्यात सांगता येईल. एक्स-८६ वर परतीचा पत्ता म्हणून पुढच्या सूचनेचा पत्ता ठेवला जातो, रिस्क-फाइव्हवर सिस्टिम कॉल करणाऱ्या सूचनेचाच पत्ता नोंदला जातो. त्यात कर्नलने ४ मिळविले नाहीत, तर प्रोग्राम परतून तोच कॉल पुन्हा करतो. शिवाय पहिल्या कॉलचे उत्तर ज्या रजिस्टरमध्ये येते, त्यातच फाइलच्या नावाचा पत्ता होता. त्यामुळे दुसऱ्या वेळेपासून नावही चुकीचे जात होते.

मग एक्झेक कसा सुटला, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला. उत्तर तिनेच शोधले : एक्झेक यशस्वी झाल्यावर परतीचा पत्ता नव्या प्रोग्रामच्या आरंभावर स्वतःच बसवितो, म्हणून चारची उणीव त्याला भोवली नाही. एक्झेक आपल्या बोलावणाऱ्याकडे परतत नाही, हे वाक्य तिने पाठ्यपुस्तकात वाचले होते आणि परीक्षेत लिहिलेही होते. त्याचा अर्थ मात्र तिला त्या दिवशी कळला. फळ्यावरील आपल्या जुन्या व्याख्येची मर्यादा प्रस्तुत लेखकालाही त्याच दिवशी मान्य करावी लागली.

६. अध्यापनाच्या दृष्टीने विचार

वरील विवेचनावरून पुढील सूचना कराव्याशा वाटतात. (अ) कर्नलची कोणतीही क्रिया शिकविताना तिची गरज आधी सांगावी आणि प्रोसेसरची पद्धत नंतर. ट्रॅपची गरज म्हणजे जुनी स्थिती न गमावता अधिकार बदलणे. ती स्थिती हार्डवेअर वाचविते की सॉफ्टवेअर, हा तपशील होय. (आ) निदान एका प्रकरणासाठी दोन प्रोसेसरांची तुलना शिकवावी. (इ) संपूर्ण स्थलांतर हे पदवी स्तरावर मोठे ओझे ठरेल. एखाद्याच भागाचे स्थलांतर प्रकल्प म्हणून देणे शक्य आहे आणि त्यासाठी नव्या यंत्रसामग्रीची गरज नाही. (ई) परीक्षेत 'ही पायरी वगळली तर काय घडेल?' असा प्रश्न असावा.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत २०१० मध्ये सुरू झालेली रिस्क-फाइव्ह ही रचना खुली आहे. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे भारतीय प्रोसेसर याच रचनेवर बेतलेले आहेत. त्यामुळे हे शिक्षण आपल्या विद्यार्थ्यांना दूरचे राहिलेले नाही.

७. निष्कर्ष

स्थलांतर म्हणजे एका यंत्राच्या सूचना दुसऱ्या यंत्राच्या सूचनांनी बदलणे एवढेच नव्हे. कोणती गोष्ट प्रणालीची आणि कोणती यंत्राची, याचा निवाडा त्यात पावलोपावली करावा लागतो. हा निवाडा विद्यार्थ्याला करता आला, तर प्रोसेसर बदलल्याने त्याचे ज्ञान कालबाह्य होत नाही. जो कर्नल त्याने एका यंत्रावर वाचला, तो दुसऱ्यावर उभा करताना कुठे अडला हे त्याला सांगता यावे. या विषयाच्या आकलनाची तीच खरी कसोटी मानावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.