तंजावरची भातशेती आणि परंपरावाद्यांचे हवामान धोरण

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताच्या शेतांखाली लिग्नाइट कोळसा आहे आणि कोळशाच्या थरांत मिथेन वायू आहे. ही संपत्ती बाहेर काढावी की वरची शेती राखावी, हा प्रश्न तामिळनाडूतील तंजावर परिसरात गेल्या दीड दशकात वारंवार उपस्थित झाला. प्रत्येक वेळी कौल शेतीच्या बाजूने गेला. विशेष म्हणजे एरवी एकमेकांविरुद्ध उभे राहणारे राजकीय पक्ष या बाबतीत एकाच बाजूला दिसले.

हवामान बदलाच्या जागतिक चर्चेत 'परंपरावादी' किंवा 'उजवे' पक्ष बहुधा स्वच्छ ऊर्जेचे विरोधक मानले जातात. तथापि वारशाने मिळालेली भूमी, पाणी आणि गावगाडा जपणे हाही परंपरावादाचाच एक अर्थ आहे. त्या अर्थाने तंजावरचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. या विचाराचे बळ आणि त्याच्या मर्यादा दोन्ही येथे दिसून येतात.

दहा वर्षांचा संघर्ष

केंद्र सरकारने २०१० मध्ये मन्नारगुडी परिसरातील सुमारे ६९० चौरस किलोमीटर क्षेत्रात कोळशाच्या थरांतील मिथेन काढण्याचा करार एका खासगी कंपनीशी केला. हे क्षेत्र तंजावर व तिरुवारूर या जिल्ह्यांत येते. २०११ च्या जानेवारीत राज्यातील तत्कालीन द्रमुक सरकारनेही सामंजस्य करारावर स्वाक्षरी केली. नैसर्गिक वायू जळताना कोळशापेक्षा कमी प्रदूषण करतो आणि देशाला लागणारा सुमारे निम्मा वायू आयात करावा लागतो. त्यामुळे हा प्रकल्प राष्ट्रहिताचा असल्याचे सांगण्यात येत होते.

शेतकऱ्यांची हरकत वायूपेक्षा पाण्याविषयी होती. कोळशाच्या थरातील वायू मोकळा होण्यासाठी त्या थरावरील पाण्याचा दाब कमी करावा लागतो आणि त्यासाठी पाणी सतत उपसावे लागते. उपसलेले पाणी बहुधा खारट असते. भूजल खाली गेल्यास जवळच्या समुद्राचे पाणी जमिनीत शिरेल आणि एकदा खारवलेले शेत पूर्ववत होणार नाही, अशी भीती होती. सेंद्रिय शेतीचे प्रचारक जी. नम्माळ्वार यांनी गावोगावी फिरून ही बाब लोकांना समजावून सांगितली. याच प्रचारकार्यात असताना ३० डिसेंबर २०१३ रोजी तंजावर जिल्ह्यातील पट्टुकोट्टैजवळ त्यांचे निधन झाले.

जयललिता यांच्या अण्णा द्रमुक सरकारने २०१३ मध्ये प्रकल्पास स्थगिती देऊन तज्ज्ञ समिती नेमली आणि समितीच्या अहवालानंतर २०१५ मध्ये परवानगी नाकारली. २०१७ मध्ये शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यातील नेडुवासल येथे हायड्रोकार्बन प्रकल्पाविरुद्ध, तर तंजावर जिल्ह्यातील कदिरामंगलम येथे तेलवाहिनीतील गळतीनंतर आंदोलने झाली.

अखेर २० फेब्रुवारी २०२० रोजी मुख्यमंत्री एडप्पाडी पळनीस्वामी यांच्या कार्यकाळात विधानसभेने संरक्षित कृषिक्षेत्राचा कायदा संमत केला. तंजावर, तिरुवारूर आणि तत्कालीन नागपट्टिनम हे जिल्हे, तसेच कडलूर व पुदुक्कोट्टै जिल्ह्यांतील काही तालुका विभाग त्यात समाविष्ट झाले. तेल व वायूचे नवे उत्खनन, पोलाद, तांबे व ॲल्युमिनियमचे कारखाने, चामड्याचे उद्योग आणि जहाजतोडणी यांना या क्षेत्रात बंदी करण्यात आली.

कायद्याची कसोटी तीन वर्षांनी लागली. मार्च २०२३ च्या अखेरीस केंद्राने लिलावासाठी काढलेल्या खाणपट्ट्यांच्या यादीत वडसेरी, सेतियातोप पूर्व आणि मायकेलपट्टी ही या भागातील तीन नावे होती. मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी ४ एप्रिलला पंतप्रधानांना पत्र लिहिले. भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष के. अण्णामलै यांनीही हे पट्टे वगळण्याची विनंती केली. ८ एप्रिलला तत्कालीन कोळसामंत्री प्रल्हाद जोशी यांनी तिन्ही पट्टे लिलावातून वगळल्याचे जाहीर केले.

परंपरावादी विचार काय सांगतो?

समाज म्हणजे केवळ हयात माणसांचा समूह नसून दिवंगत, हयात आणि भावी पिढ्यांची ती भागीदारी आहे, असा विचार एडमंड बर्क यांनी १७९० मध्ये मांडला होता. ब्रिटनमधील हुजूर पक्षाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी १९८८ मध्ये तोच धागा पकडला. पृथ्वी कोणत्याही पिढीच्या मालकीची नाही. आपण तिचे भाडेकरू आहोत आणि डागडुजीची जबाबदारीही आपलीच आहे, अशा आशयाचे विधान त्यांनी केले. हवामान बदलाचा धोका उघडपणे मांडणाऱ्या पहिल्या मोठ्या नेत्यांमध्ये त्यांची गणना होते. अर्थात पुढे २००२ मधील पुस्तकात त्यांनी या विषयावरील भीतीच्या वातावरणावर टीकाही केली.

या विचाराची दुसरी शाखा बाजारपेठेवर विश्वास ठेवते. अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष जॉर्ज बुश थोरले यांनी १९९० मध्ये आम्लपर्जन्य रोखण्यासाठी गंधकयुक्त वायूच्या उत्सर्जन परवान्यांच्या खरेदी-विक्रीची पद्धत आणली. त्याच पक्षाचे माजी मंत्री जेम्स बेकर आणि जॉर्ज शुल्झ यांनी २०१७ मध्ये कार्बनवर प्रतिटन ४० डॉलर कर लावून ती रक्कम थेट नागरिकांना वाटावी, असा प्रस्ताव मांडला.

ही भूमिका त्या पक्षांत आज प्रबळ आहे असे मात्र म्हणता येत नाही. पॅरिस करारातून बाहेर पडण्याची प्रक्रिया अमेरिकेने रिपब्लिकन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या काळात २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये जाहीर केली. ब्रिटनमध्ये निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य २०१९ मध्ये थेरेसा मे यांच्या हुजूर सरकारने कायद्यात आणले. पुढे २०२५ मध्ये याच पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी सत्तेवर आल्यास हवामान बदल कायदाच रद्द करू, असे सांगितले.

तंजावरमध्ये हा विचार का रुजला?

तंजावरला बर्क किंवा थॅचर यांच्या शिकवणीची गरज नव्हती. कावेरीवरील कल्लणै हे धरण चोळ राजा करिकालन याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बांधल्याचे मानले जाते आणि ते आजही वापरात आहे. चोळ, नायक आणि त्यानंतर व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंतची भोसले राजवट, या साऱ्यांच्या वैभवाचा पाया येथील भातशेती हाच होता. ज्या प्रदेशात कालवे राखणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम आहे, तेथे भूमी ही विकून मोकळे होण्याची वस्तू मानली जात नाही. म्हणूनच शेती राखण्याची मागणी कोणा एका पक्षाची राहिली नाही.

रेषेच्या आतले आणि बाहेरचे

या यशाची दुसरी बाजू मात्र दुर्लक्षिता येणार नाही. कायद्याने नवे प्रकल्प रोखले असले तरी आधीपासूनच्या कामांना हात लावलेला नाही. तसेच तिरुचिरापल्ली, करूर व अरियलूर हे कावेरीकाठचे जिल्हे त्यातून वगळले गेले. शिवाय राज्याची विजेची गरज कमी झालेली नाही. औष्णिक वीज केंद्रांसाठी लागणारा कोळसा ओडिशातून व परदेशातून येतो, तर लिग्नाइट कडलूर जिल्ह्यातील नेयवेलीच्या खाणींतून मिळते. जुलै २०२३ मध्ये त्याच जिल्ह्यातील वळयमादेवी येथे खाणीसाठी कालवा खोदताना उभ्या भातपिकात यंत्रे घालण्यात आली, तेव्हा तीव्र पडसाद उमटले. वडसेरीचे पीक वाचले, वळयमादेवीचे वाचले नाही. आपला गाव जपताना त्याची किंमत दुसऱ्या गावाला मोजावी लागत असेल, तर ती जपणूक अपुरी ठरते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. खाणीचे यंत्र डोळ्यांना दिसते, त्यामुळे लोक त्याच्याविरुद्ध एकत्र येतात. हवामान बदल मात्र हळूहळू येतो आणि त्याच्यासमोर फलक घेऊन उभे राहता येत नाही. मेट्टूर धरणातून १२ जूनला पाणी सोडण्याची प्रथा आहे, कारण कुरुवै हंगामाचे गणित त्यावर अवलंबून असते. २०२४ मध्ये ते पाणी जुलैच्या अखेरीस सुटले. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी आलेल्या गज चक्रीवादळाने पट्टुकोट्टै व पेरावूरणी भागातील नारळबागा एका रात्रीत आडव्या केल्या. ज्या खाऱ्या पाण्याच्या भीतीने मिथेन प्रकल्प रोखला गेला, तेच पाणी समुद्राची पातळी वाढल्यास कोणत्याही कराराविना शेतात येऊ शकते. कोणत्याही विधानसभेचा कायदा त्याला अडवू शकणार नाही.

भाताच्या शेतातील मिथेन

येथे आणखी एक विसंगती आहे. पाणी साचलेल्या भातखाचरांत प्राणवायूच्या अभावी सेंद्रिय पदार्थ कुजतात आणि मिथेन तयार होतो. मानवी कृतींतून जगात बाहेर पडणाऱ्या मिथेनपैकी सुमारे ८ ते १० टक्के वाटा भातशेतीचा मानला जातो. वीस वर्षांच्या काळात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता अडवतो. म्हणजे जमिनीखालचा मिथेन रोखणाऱ्या शेतातूनच वरचा मिथेन हवेत जातो.

यावर उपाय उपलब्ध आहे आणि तो भात सोडून देण्याचा नाही. कोवळी रोपे अंतर राखून लावणे व शेत आळीपाळीने भिजवणे आणि सुकू देणे, या पद्धतीने पाणी वाचते आणि मिथेनचे प्रमाणही लक्षणीय घटते. १९८० च्या दशकात मादागास्करमध्ये विकसित झालेल्या अशा लागवड पद्धतीला तामिळनाडूत 'राजराजन १०००' हे नाव देण्यात आले. १०१० मध्ये पूर्ण झालेले बृहदीश्वर मंदिर उभारणाऱ्या चोळ राजाचे हे नाव आहे. परक्या भूमीतील तंत्र आपल्या वारशाच्या नावाने स्वीकारण्याची ही रीत परंपरावादी विचाराशी सुसंगतच म्हणावी लागेल. मात्र पाणी हवे तेव्हा मिळेल याची खात्री नसेल, तर शेत सुकू देण्यास शेतकरी सहसा धजावत नाही.

शेत की छप्पर?

सौरऊर्जेचा प्रश्न यापुढे येणार आहे. २०२० च्या कायद्यातून वीज, रस्ते, बंदरे यांसारख्या पायाभूत सुविधांना सूट आहे. सपाट, सूर्यप्रकाशाची जमीन सौर प्रकल्पांनाही हवी असते. शेतजमीन न वापरता वीज निर्माण करण्याचा मार्ग म्हणजे घरे, गोदामे आणि तांदूळ गिरण्यांची छपरे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घरगुती सौर संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. शेतीपंपांसाठी 'पीएम कुसुम' ही योजना २०१९ पासून आहे.

परंतु तामिळनाडूत शेतीपंपांना वीज मोफत आहे आणि घरगुती ग्राहकांना दोन महिन्यांतील पहिल्या १०० युनिटांचे बिल येत नाही. ज्या वस्तूचे मोल द्यावे लागत नाही, तिची बचत करण्यास बाजार शिकवू शकत नाही. बाजारपेठेवर भिस्त ठेवणाऱ्या परंपरावाद्यांची खरी अडचण येथे आहे. ही सवलत काढून घेण्याची भाषा कोणताही पक्ष सहजासहजी करणार नाही, कारण लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने तीही जपण्याजोगीच गोष्ट आहे.

काय राखायचे, हे तंजावरच्या लोकांनी ठरवले आणि तसा कायदाही करून घेतला. ते राखण्यासाठी काय बदलायचे, हा प्रश्न आता शिल्लक आहे. पाण्याचे वेळापत्रक, लागवडीची पद्धत आणि विजेचा स्रोत यांत बदल झाला नाही, तर खाणीपासून वाचलेली जमीन समुद्रापासून वाचवणे कठीण जाईल.