स्वस्त इअरबड्स घेताना

वसई रोडहून लोकलने चर्चगेटला कॉलेजात जाणाऱ्या लेकीसाठी आम्ही नऊशे रुपयांचे इअरबड्स आणले. डब्यावर ठळक '१३ एमएम ड्रायव्हर'. घरी कव्वाली छान वाजली. गाडीत मात्र आवाज पूर्ण वाढवूनही शब्द खडखडाटात बुडाले. डब्यातलीच मोठी रबरी टोपी बसवली, कान नीट बंद झाला आणि निम्म्या आवाजात भागले. आमच्या मते पैसे इथे वसूल होतात, ड्रायव्हरच्या आकड्यात नव्हे.

जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालेल म्हणते. ९० डेसिबल फक्त ४ तास. लेकीचा रोजचा प्रवास अडीच तासांचा. म्हणजे तिचा आठवडा मंगळवारीच संपला असता! दुकानातूनच अम्मीला फोनही लावून पाहा. स्वस्तातले माइक बहुधा रस्त्यावरच उघडे पडतात.